कणसं भरली की

बोलून गेले मी. तोंडातून गेलं आणि मग हात तोंडावर गेला, त्याचा काय उपयोग. तिकडं चिसोमो सायकलवरनं टुणकन खाली उतरली, कॅरिअरला अडकवलेली तिची पिशवी तिनं ओढून काढली आणि पळत आत गेली. व्हिडिओ कॉल चालू होता, तिकडचा फोन पास्टर बांडांच्या हातात होता, तो हलला, मला नुसती लाल माती दिसली, मग सायकलचं चाक, मग एका म्हातारीचे पाय. अनवाणी, चिखल वाळलेले. ते पाय जागचे हलले नाहीत. पास्टर विचारत होते, "मनीषा, काय सांगितलंस तिला?" ते इंग्लिशमध्ये विचारत होते आणि मला इंग्लिशच सुचेना. इकडं ओट्यावर पातेल्यात मक्याची कणसं उकळत होती, झाकण थडथडत होतं, ते बंद करायचंही सुचेना. सॉरी पास्टर, सॉरी पास्टर, एवढंच. आणि आतून चिसोमोचा आवाज येत होता, ती बाकीच्या पोरांना ओरडून सांगत होती, तिच्या भाषेत, पण मला ते कळतं. माझी आई येणार आहे. कणसं भरली की येणार आहे.

मी तेच म्हणाले होते. "कणसं भरली की येते, बाळा."

म्हणायचं काय होतं, तर मी येणार नाही, आजीबरोबर जा. आठवडाभर पास्टरांनी मला समजावलं होतं. सतीशनं, माझ्या नवऱ्यानं, समजावलं होतं. मी मान हलवली होती. आणि मग ते तोंड फोनवर समोर आलं, नवं मुंडण केलेलं डोकं, पुढचा एक दात पडलेला, आणि तिनं विचारलं, "आई, कधी?" तिचं मराठी थोडंच, पण स्वच्छ. माझी जीभ फिरली.

चिसोमो माझी मुलगी नाही. हे आधीच लिहिते. ती मलावीतली आहे, आफ्रिकेतली. तिची आई तिला जन्म देतानाच गेली. घरात म्हातारी आजी, तिच्या पदरात आधीच दुसरी नातवंडं, आणि दूध कुठून आणणार, म्हणून ती आजी तिला कापडात गुंडाळून चालत चालत होमवर घेऊन आली होती. होम म्हणजे आमचा अनाथाश्रम. आमचा म्हणते कारण तीन वर्षं आम्ही तिथं राहिलो. आमच्या नगरकडच्या चर्चनं सतीशला तिथं पाठवलेलं, तो वेल्डर, पंप बघायचे, गेट, खाटा, पाण्याच्या टाकीचा सांगाडा. मी त्याच्याबरोबर गेले, कडेवर माझी लेक स्नेहा, तीन महिन्यांची. मला कुणी कामाला पाठवलं नव्हतं. मला फक्त दूध होतं.

इथं टाकानिनीला, आम्ही आता राहतो त्या परक्या मुलखात, फेब्रुवारीत कणसं येतात. काराकाच्या रस्त्यानं गेलं की शेताच्या कडेला टेबल मांडलेलं असतं, हिरवीगार कणसं, वर ओलं फडकं. सतीश कामावरनं येताना घेऊन येतो. स्नेहा दातानं ओढून खाते आणि म्हणते, "इट्स स्वीट अ‍ॅज, मम." खरंच गोड असतात. एवढी गोड की मला ती कणसं वाटतच नाहीत, वाटतं कुणी पाकात घातली होती. मी दरवर्षी म्हणते की यंदा आणू नको, आणि दरवर्षी तो आणतो, आणि दरवर्षी मी साल सोलताना ते केस हातात धरून उभी राहते. ओले, गार, बाळाच्या जावळासारखे. वास मात्र तोच येतो. साल सोलल्यावर पहिल्यांदा जो हिरवा वास येतो ना, तो इथंही तिथल्यासारखाच आहे. पुढचं सगळं वेगळं.

तिथला मका पांढरा. दाणा जाड, दुधाळ, भाजला की कडक. आणि तो येण्याआधीचे दोन महिने काही नसायचं. जुनं पीठ संपलेलं, नवं शेतात उभं, रोज पाऊस, आणि सगळ्या गावाची नजर त्या उभ्या पिकावर. बायका बांधावरनं जाताना कणीस बोटांनी दाबून बघायच्या. अजून नाही. होमवरसुद्धा पातळ पेज. पोरं खेळायची नाहीत त्या दिवसात, नुसती भिंतीला टेकून बसायची, मला आधी वाटलं शहाणी आहेत. मग एके सकाळी स्वयंपाकवाली पदरात कणसं घेऊन आली, पदर म्हणजे त्यांचं ते चितेंजे, कमरेला गुंडाळायचं छापील कापड, आणि दुपारपर्यंत सगळं आवार बदललं. चुलीच्या धगीवर कणसं. पोरांच्या ओठांना काळं. ओरडणं, मारामाऱ्या, पळापळ. मी आपली सवयीनं लिंबू कापलं, मीठ-तिखट लावून कणसावर चोळलं. पहिल्या पोरानं चावा घेतला आणि जो बोंबलत सुटला की बस. आणि पाच मिनिटांनी बाकीची रांग लावून उभी, मला पण, मला पण. आमाई फिरी हसून हसून खाली बसल्या. आमाई फिरी म्हणजे तिथल्या मेट्रन. "ही इंडियन आमच्या पोरांची तोंडं जाळती आहे," म्हणाल्या.

चिसोमो त्याच आठवड्यात आली होती. एवढीशी. स्नेहा तेव्हा आठ महिन्यांची, गुटगुटीत, आणि ही म्हणजे नुसती हाडं आणि डोळे. पावडरचं दूध तिला पचेना. बाटली तोंडाला लावली की मान फिरवायची, तिसऱ्या दिवशी मान फिरवायचीही ताकद राहिली नाही. मी व्हरांड्यात बसून स्नेहाला पाजत होते. आमाई फिरी आल्या, ते गाठोडं माझ्या दुसऱ्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेल्या. विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी घाबरले असते, वीस वर्षांची होते, मला वाटलं असतं माझ्या पोरीचं कमी होईल. पण तिनं तोंड लावलं. आधी काहीच नाही, मग एक ओढ, मग एवढी जोरात की माझ्या डोळ्यातनं पाणी आलं. पावसाचा आवाज पत्र्यावर, चुलीचा धूर, भाजक्या मक्याचा वास आणि दोन्हीकडं दोन पोरी. त्या दिवसापासून एक पुढं बांधायचे, एक पाठीवर. सतीश म्हणायचा, आमच्या बाईला दोन्ही बाजूंनी तोंड फुटलंय.

तिथं एक नियम होता. बाहेरून आलेल्या बायकांना पोरांनी आंटी म्हणायचं. थोड्या दिवसांसाठी आलेल्या गोऱ्या मुली असायच्या, त्याही आंटी. आमाई, म्हणजे त्यांच्या भाषेत आई, त्या सगळ्या तिथल्या. पण मी चिसोमोला "आई" शिकवलं. ठरवून शिकवलं असं नाही, स्नेहाला शिकवताना शेजारी तीही होतीच, घास भरवताना एक हिला, एक तिला, म्हण आई, म्हण आई. स्नेहाआधी चिसोमोच म्हणाली. मी सगळ्या आवारात सांगत फिरले. आमाई फिरी हसल्या नाहीत त्या वेळी. रात्री भांडी आवरताना म्हणाल्या, "आमाई तर ती सगळ्यांनाच म्हणेल. तुझा हा शब्द वेगळा आहे, तो फक्त तुझा. उद्या तू गेलीस की तो घेऊन ती कुणाकडं जाईल?"

मी म्हणाले, मी कुठं जाते. खरंच मला तसं वाटत होतं. वीस वर्षांच्या बाईला तीन वर्षं म्हणजे जन्मभर वाटतात.

सतीशचं काम संपलं, मग इथलं काम मिळालं, व्हिसा आला, तिघांचा. चौथीचा कसा येणार होता? आम्ही विचारलं नाही असं नाही. विचारलं. पास्टरांनी सरळ सांगितलं की कायदा तसा नाही, आणि तिचं माणूस कुठंतरी आहे, पुरात त्यांचं गाव उठलं म्हणून पत्ता लागत नाही, पण आहे, ते सापडलं तर? सतीश म्हणाला, मनीषा, आपलेच पाय अजून जमिनीला लागले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ती झोपली होती. मुद्दाम ती झोपल्यावर निघालो. तेही माझंच डोकं.

तेव्हापासून दर रविवारी फोन. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. चर्चला जायच्या आधी आमाई फिरी तिला पुढं बसवतात, मी इकडं इलेक्ट्रिक जगला फोन टेकवून पोळ्या लाटत बोलते. काय जेवलीस, अंघोळ केलीस का, दाखव नखं. आणि मजा बघा, माझ्या पोटची पोर शेजारी बसून मला म्हणते, "आय नो, मम, स्टॉप इट." मराठी सगळं कळतं तिला, उत्तर इंग्लिशमध्ये. आणि ती तिकडं, मलावीतल्या त्या खेड्यात, मला म्हणते, "आई, मी जेवली."

आणि आता तिची आजी सापडली.

ही काही तिच्या एकटीचीच गोष्ट नाही. ते होम आता बदललं आहे. आम्ही होतो तेव्हा एका खाटेवर दोन-दोन पोरं. आता नवी बोअर आहे, सोलरवर दिवे आहेत, नर्सरी शाळा काढली आहे, तिथं गावातली पोरंसुद्धा येतात. पण पास्टर बांडा फोटो पाठवतात ते यातले नाही पाठवत. ते रिकाम्या खाटांचे पाठवतात. त्यांचं म्हणणं असं की पोराला घर लागतं, होम नाही. म्हणून ते आता एकेकाचा मामा शोधतात, काकू शोधतात, आजी शोधतात, त्या घराला शेळी देतात, बियाणं देतात, बाळ असेल तर दुधाची पावडर, आणि पोराला परत घरी पाठवतात. दर महिन्याला जाऊन बघून येतात. जेवढ्या खाटा रिकाम्या तेवढं काम पुढं गेलं.

इथं चर्चच्या हॉलमध्ये ते फोटो पडद्यावर दाखवतात. मार्गारेट म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, होमला मदत पाठवणाऱ्या गटाच्या मुख्य. प्रत्येक रिकाम्या खाटेला टाळी वाजवतात. मागच्या वेळी एक काका उठून म्हणाले, सगळी पोरं गेली तर आपण या टोप्या विणतोय कुणासाठी? सगळे हसले. मार्गारेट म्हणाल्या, "जॉन, त्या टोपीचं ते भोक बघता कुणीही पोर ती घालणार नाही." मी पण हसले. खाटा सतीशनं वेल्ड केल्या होत्या, मी प्रत्येक ओळखते, कुठली डुगडुगते तीही. तो फोटो बघून म्हणाला, "माझ्या खाटांवर आता मक्याची पोती ठेवतात." पण खूश होता. मीही खूश होते, खोटं नाही सांगत. दुसऱ्याची पोर घरी गेली की मला आनंदच होतो.

मग पास्टरांचा फोन आला, चिसोमोची आजी सापडली. मुलाकडं राहते, शेत आहे, घरात दुसरी नातवंडं आहेत. महिनाभर ती येऊन-जाऊन होती, चिसोमोजवळ बसायची, तिच्यासाठी भोपळ्याचा पाला आणायची. चिसोमो तिच्याशी खेळते, हसते. पण चल म्हटलं की म्हणते, मी नाही येत, माझी आई येणार आहे न्यायला. "आम्ही पोराला रडत नेत नाही," पास्टर म्हणाले. "तिला तुझ्याकडूनच ऐकायला पाहिजे. तू नाही म्हण. एकदाच." म्हणून त्या रविवारी सायकल उभी केली होती, पिशवी बांधली होती, आणि मी म्हणाले कणसं भरली की येते.

आजी एकटी परत गेली. सायकलवर नाही, चालत. सायकल ज्याची होती त्याला परत द्यायची होती.

पास्टर माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, म्हातारी पुढच्या रविवारी अजून एकदा येईल. त्यानंतर शेत राखायला बसेल, माकडं कणसं नेतात, मग तिला निघता येणार नाही, आणि खरं सांगू का, तिला वाटतंय नात आपल्याला नको म्हणते. दोनदा नाही ऐकून माणूस तिसऱ्यांदा येत नाही. सतीशनं संध्याकाळी ताटावर बसून विचारलं, "तू जाणार आहेस का मलावीला?" मी म्हणाले नाही. "मग?" तो म्हणाला. मी त्याला अजून एक पोळी वाढली.

मला हे सगळ्यांत जास्त माहीत पाहिजे होतं. मी स्वतः आश्रमातली. नगरकडं मिशनचा मुलींचा आश्रम होता, तिथं मी नववीपर्यंत शिकले. माझे वडील गेले आणि आईनं दुसरं लग्न केलं, त्या घरात मला जागा नव्हती. सोडायला आली तेव्हा म्हणाली, हुरड्याला नेते तुला. थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की रविवारी मी केस विंचरून फाटकाशी बसायचे. महिन्यातला एक रविवार भेटीचा असायचा, पण मी सगळेच बसायचे, न जाणो चुकून आली तर. इतर मुलींच्या मावश्या यायच्या, डब्यातनं काही आणायच्या. एक हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या सिस्टर शांताबाई माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मनू, ती येणार नाही. ऊठ, जेवून घे." बस. मला त्यांचा एवढा राग आला की मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. आईचा राग नाही आला. जिनं खोटं सांगितलं तिचा राग नाही आणि जिनं खरं सांगितलं तिचा आला. पण त्या दिवसानंतर मी फाटकाशी बसले नाही. खेळायला लागले. खो-खोच्या टीममध्ये गेले.

आणि तरी सांगते, ते दोन हिवाळे, बसायचे ते, हुरड्याचा वास वाऱ्यावर यायचा आणि रस्त्यावर कुणी बाई दिसली की छातीत जे व्हायचं, ते नंतर मला कशात मिळालं नाही. आईचं तोंड आता आठवत नाही नीट. ती वाट आठवते.

आमच्या इथं कुलकर्णी काकू आहेत. पुण्याच्या, मुलाकडं सहा महिने येतात. संध्याकाळी रिझर्व्हमध्ये, म्हणजे इथल्या बागेत, बाकावर बसतात, मोजे आणि जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, वर स्वेटर. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मराठी ऐकून कोण आनंद झाला होता त्यांना. मग आडनाव विचारलं, मग गाव, मग चर्चला जाते म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "हो का? बोलतेस तर अगदी आपल्यासारखं." मी म्हणाले, "मग कुणासारखं बोलू?" तेव्हापासून आमची मैत्री आहे. त्या आठवड्यात मी त्यांना सगळं सांगितलं, पोरी झोक्यावर होत्या, त्यांची नात आणि माझी.

"सांगून टाक बाई," काकू म्हणाल्या. "पोरांना कळतं. आपल्यालाच वाटतं कळत नाही."

मी म्हणाले, "तुम्ही निघताना काय सांगता हिला?"

काकूंनी झोक्यावरच्या नातीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी सांगते, लगेच येते हं."

"आणि?"

"आणि काय. सहा महिने. मागच्या वेळी एअरपोर्टवर हिनं विचारलं, लगेच म्हणजे उद्या? मी म्हटलं, हो." त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. "पण मी येते तरी ना गं शेवटी."

आठवडाभर मी ते वाक्य घोकलं. कपडे वाळत घालताना, डेअरीत दूध आणायला जाताना, स्नेहाला शाळेत सोडून परत येताना. मी येणार नाही. साधे तीन शब्द. मोठ्यानं म्हणून बघितलं तर म्हणता यायचं. मग तो पडलेला दात आठवला की संपलं. वाटायचं, तिला काय कमी होतंय वाट बघायला, बघू दे. मग वाटायचं, आजी किती वेळा चालत येईल.

रविवार आला. सतीशला वर्कशॉपला बोलावणं आलं होतं, मी आणि स्नेहा दोघीच. फोन लावला. तिकडं चिसोमो आधीच समोर बसली होती आणि तिच्या हातात कणीस होतं, साल अर्धी सोललेली. फोनला चिकटवून दाखवलं तिनं, मला नुसते पांढरे दाणे दिसले.

"आई, भरली," ती म्हणाली.

एका आठवड्यात. मला वाटलं होतं अजून वेळ आहे.

मी म्हणाले पास्टर, आधी मला आजीशी बोलू द्या. का म्हणाले माहीत नाही, वेळ काढायला. पास्टरांनी फोन फिरवला. म्हातारी उभी होती, तिला सांगितलं की ही ती बाई. आणि ती फोनपुढं गुडघ्यावर बसली. त्यांच्यात मोठ्या माणसाला तसा नमस्कार करतात, गुडघे टेकून, दोन्ही तळवे एकमेकांवर हळू वाजवून. मी तिच्या लेकीपेक्षा लहान असेन. मी इकडं घाईघाईनं गॅस बंद केला आणि ओट्यापुढं मीही खाली बसले, तर फोन वर राहिला, तिला मी दिसेना, परत उठले. ती काहीतरी बोलली. पास्टरांनी सांगितलं, "ती म्हणते, तुझ्या दुधानं ही जगली. ती म्हणते, माझ्याकडं द्यायला तेव्हा काही नव्हतं, आता शेत आहे. ती विचारते, ही झोपताना काय मागते?"

मी सांगितलं. कान धरून झोपते, आपला नाही, दुसऱ्याचा. कुशीवर झोपवायचं आणि कान द्यायचा. मेघ गडगडला की पोटात दुखतं म्हणते, दुखत नसतं, जवळ घ्यायचं. भाजलेलं कणीस कडेचं आवडतं, जरा करपलेलं. पास्टर एकेक वाक्य सांगत गेले आणि म्हातारी मान हलवत गेली, लक्षात ठेवत होती. मग चिसोमो मध्ये घुसली, तिला किती वेळ थांबायचं.

"आई, कधी?"

पास्टर फोनच्या कडेला दिसत होते. म्हातारी अजून गुडघ्यावरच. सायकल मागं उभी, या वेळी दुसऱ्या कुणाची तरी.

मी म्हणाले, "चिसोमो, ऐक. मी होमवर नाही येणार. मी आजीच्या घरी येणार. तू तिथं जाऊन राहा. मी तिथंच येते."

मराठीत म्हणाले. तिथं मराठी तिला एकटीलाच कळतं.

तिनं जरा विचार केला. मग आजीकडं बघितलं, नव्यानं बघितल्यासारखं. मग कणीस आमाई फिरींच्या हातात दिलं आणि पिशवी आणायला पळाली. सायकलवर स्वतः चढून बसली, आजीला म्हणाली लवकर, लवकर. हसत गेली. पास्टरांनी मला वळणापर्यंत दाखवलं. मग त्यांचा चेहरा आला, डोळे भरलेले. "मनीषा, देव तुझं भलं करो. अवघड काम केलंस. काय म्हणालीस तिला?" मी म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं तेच.

त्या गावाला फोन लागत नाही.

चर्चमध्ये मार्गारेटनी मला मिठी मारली, अजून एक खाट रिकामी. महिन्यानं पास्टर बघून आले, फोटो पाठवला. ती तीन मामेभावंडांच्या मध्ये उभी, गाल भरलेत, पायात चपला. चांगलं खाते, शाळेत जाते, आजीचा कान धरून झोपते. फक्त संध्याकाळी म्हणे अंगणाच्या तोंडाशी बसते थोडा वेळ. पास्टरांनी लिहिलंय, पोरांना नव्या जागी रस्ता बघायला आवडतं.

त्या रविवारी फोन ठेवला तेव्हा स्नेहा माझ्याशेजारी उभी होती. तिला सगळं मराठी कळतं, मी विसरलेच होते. म्हणाली, "मम, आर वी गोइंग टु हर नॅनाज हाउस?" मी तिचं ताट वाढायला घेतलं. तिनं परत विचारलं. मी म्हणाले, जेव आधी. ती जेवली. पण तेव्हापासून मी तिला काही सांगितलं, शाळेतनं न्यायला तीनला येते, शनिवारी पोहायला नेते, की ती मान वर करून माझ्याकडं बघत राहते, मोजल्यासारखी. सतीशला तिनं सांगितलं नाही. मी पण नाही.

आता तिकडं मका वाळत आला असेल. पुढच्या महिन्यात पास्टर परत जाणार आहेत त्या घरी, म्हणालेत काही निरोप असेल तर सांग. शांताबाई आज असत्या तर त्यांना विचारलं असतं. तुम्हालाच विचारते. म्हातारी गुडघ्यावर बसलेली, सायकल उभी, पोर विचारतंय कधी, आणि तुम्ही खरं बोललात तर ती उतरून आत पळणार, खोटं बोललात तर हसत घरी जाणार. तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? आणि आता निरोप काय द्याल?